नवव्या रकान्यातलं नाव

फॉन्ट कोणीतरी बसून काढतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. वर्तमानपत्र, एसटीची पाटी, मोबाईलवरचा निरोप, सातबारा, लग्नाची पत्रिका, सगळीकडे अक्षरं असतातच. ती आली कुठून, हे विचारायची वेळच येत नाही. त्यामुळे २०२१ साली मी घरी सांगितलं की मला इंग्लंडला जाऊन टाइप डिझाइनमध्ये पदव्युत्तर पदवी करायचीय, तेव्हा बाबांनी विचारलं ते अगदी रास्त होतं. “अक्षरं तर आहेतच की. तू नवीन कुठली काढणार?”

बँकेतल्या साहेबांनाही तेच विचारायचं होतं, पण त्यांच्याकडे त्यासाठी छापील अर्ज होता. घराचे कागद तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घ्यायचं होतं आणि शिक्षणानंतर कुठली नोकरी मिळेल ते लिहायचं होतं. मी ‘टाइप डिझायनर’ लिहिलं. “म्हणजे टायपिस्ट?” चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं. शेवटी ‘ग्राफिक डिझायनर’ लिहून आम्ही दोघांनीही आपापली सुटका करून घेतली.

मुंबईत उपयोजित कला शिकून मी जाहिरातींच्या कंपनीत काही वर्षं काढली होती. इंग्रजी जाहिरात आधी व्हायची, मग तिचं मराठी ‘अ‍ॅडाप्टेशन’. इंग्रजीसाठी पन्नास फॉन्ट समोर असायचे. मराठीसाठी तेच तीन-चार, त्यातले दोन मोडके. इंग्रजी मथळा रुबाबात उभा आणि खाली मराठी ओळ पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी अंग चोरून बसलेली. हे कोणाला खटकायचं नाही याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

रेडिंग हे गाव लंडनच्या पश्चिमेला, पॅडिंग्टनहून जलद गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. तिथल्या विद्यापीठात मायकल ट्वायमन यांनी १९६८ मध्ये टायपोग्राफीचा अभ्यासक्रम सुरू केला, पुढे त्याचा स्वतंत्र विभाग झाला. फक्त टाइपफेस डिझाइनची एमए पदवी तिथं १९९९ पासून आहे. एका वर्षात एक पूर्ण टाइपफेस, म्हणजे एका वळणाचा अक्षरसंच, काढायचा, बहुतेक जण लॅटिनच्या, म्हणजे इंग्रजीच्या लिपीच्या, जोडीला आणखी एक लिपी घेतात, शिवाय प्रबंध. जगभरातून मोजकी मुलं येतात. विभागाची इमारत बैठी, साधी. परदेशी विद्यापीठाचं जे चित्र आमच्या सोसायटीतल्या काकूंच्या डोक्यात होतं, त्याच्याशी त्या इमारतीचं काही देणंघेणं नव्हतं. मी पाठवलेले फोटो पाहून आई म्हणाली होती, “ही शाळा आहे का गं?”

मला वाटलं होतं, देवनागरी तर आपलीच, लॅटिन शिकायला कष्ट पडतील. झालं उलटंच. लॅटिनबद्दल शंभर वर्षांचं लिहिलेलं समोर होतं, प्रत्येक वळणाला नाव होतं, कुठे काय बिघडलंय ते बोट ठेवून सांगता येत होतं. वर्गातली एक युरोपियन मुलगी देवनागरी काढत होती. ती कागद घेऊन माझ्याकडे यायची, “हा ‘ळ’ बरोबर वाटतो का?” मी म्हणायचे, नाही. “का?” इथं माझी बोलती बंद. साडीच्या दुकानात हा रंग नको म्हणता येतं, पण का नको ते सांगता येत नाही, तसं. जन्मभर वाचलेल्या लिपीबद्दल माझ्याकडे मत होतं, भाषा नव्हती. ते वर्ष मुख्यतः ती भाषा कमावण्यात गेलं.

काढायला बसलं की कळतं, लॅटिन अक्षरं तळरेषेवर उभी राहतात आणि देवनागरी शिरोरेषेला लटकते. लॅटिनसाठी टाकाची जीभ ज्या बाजूला तिरकी कापतात, त्याच्या उलट बाजूला देवनागरीचा बोरू कापतात. त्यामुळे जाड-बारीक कुठे पडेल याचं सगळं गणितच निराळं. दोन लिप्या एका ओळीत शोभाव्यात म्हणून पुष्कळ जण देवनागरीला लॅटिनच्या सवयी लावतात. वळणं सरळ करतात, गाठी सैल करतात, वरचे-खालचे मात्रा-उकार चेपतात. पडद्यावर ते ‘मॉडर्न’ दिसतं खरं. पण दहा ओळी वाचल्या की डोळा अडखळायला लागतो. माझं पहिलं वजन, म्हणजे अक्षराची साधी जाडी, बरं जमलं. बोल्ड करायला घेतलं तेव्हा ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांचे काळे ठिपके झाले. इतक्या रेघा तेवढ्याच जागेत कोंबायच्या, तर कोणाला तरी बारीक व्हावं लागतं. कोणी व्हायचं, हे प्रत्येक अक्षराशी स्वतंत्र वाटाघाट करून ठरवायचं. इंग्रजीच्या साध्या फॉन्टमध्ये तीन-चारशे आकार असतात. देवनागरीत जोडाक्षरं धरून सातशे-आठशे सहज होतात.

त्यातही मराठीची निराळी देवनागरी आहे, हे तिथं मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ दिलेले आहेत. शाळेत आपण तेच गिरवतो. मोबाईलवर मात्र बहुतेक वेळा हिंदीच्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात, कारण फॉन्ट काढणाऱ्यानं तेच मूळ धरलेले असतात. फॉन्टमध्ये दोन्ही आकार ठेवून मजकूर मराठी असला की मराठी वळण आपोआप यावं, अशी सोय ओपनटाइप या फॉन्टच्या प्रमाणित स्वरूपात आहे. ती कोणीतरी भरावी लागते, आणि पडद्यामागच्या सॉफ्टवेअरनं मजकुराची भाषा ओळखावी लागते. दोन्ही गोष्टी एकत्र घडतात तेव्हा मला अजूनही दिवाळी असल्यासारखं वाटतं. ‘दऱ्या’मधला अर्धचंद्रासारखा र आणि ‘दर्या’वरचा रफार यांतला फरक समजावून सांगितल्यावर आमचे एक प्राध्यापक इतके खूश झाले की पुढे महिनाभर ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या देवनागरीत तो र शोधत होते.

विभागाचा बिगर-लॅटिन लिप्यांचा संग्रह हे तिथलं माझं आवडतं ठिकाण. अक्षरजुळणीची यंत्रं बनवणाऱ्या लिनोटाइप कंपनीच्या इंग्लंडमधल्या कार्यालयात काढलेली बंगाली, देवनागरी, अरबी अक्षरांची मोठमोठी रेखाटनं तिथं आहेत. फिओना रॉस यांनी १९७८ पासून लिनोटाइपमध्ये या लिप्यांचं काम केलं, पुढे रेडिंगमध्ये वर्षानुवर्षं शिकवलं. आनंदबाजार पत्रिकेचं बंगाली अक्षर त्या कामातून आलेलं. आजीच्या पोथीतलं निर्णयसागरचं टपोरं अक्षर पाहत मी वाढले. मुंबईत जावजी दादाजींच्या छापखान्यात घडलेलं ते अक्षर माझ्या मनात ‘आपलं’ होतं. विसाव्या शतकात यंत्रं आल्यावर आपल्या अक्षरांचा मुक्काम इंग्लंडमधल्या कारखान्यांतल्या रेखाटन-कक्षात हलला होता, हे मला तिथल्या कपाटांपुढे उभं राहिल्यावर नीट समजलं.

त्या रेखाटन-कक्षांत बहुतेक बायका होत्या. सरे परगण्यातल्या सॅलफर्ड्सच्या मोनोटाइप कारखान्यात आणि लिनोटाइपमध्येही. नकाशासारख्या काटेकोर रेघांनी त्यांनी हजारो अक्षरं काढली, पण श्रेय मात्र एखाद्या पुरुष डिझायनरला किंवा थेट कंपनीला गेलं. रेडिंगमध्येच ‘विमेन इन टाइप’ नावाचा संशोधन प्रकल्प त्यांची नावं हुडकून काढत होता. हे वाचत होते तेव्हा मला तो इतिहास वाटला होता.

परदेशी विद्यार्थ्याच्या वर्षाला एक दुसरं वेळापत्रकही असतं, ते वर्गात कोणी शिकवत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर फ्रीलान्स तर अजिबातच नाही. डिझाइनच्या क्षेत्रात सुरुवातीची कामं फ्रीलान्सच मिळतात, म्हणजे तिथल्या मुलांच्या पोर्टफोलिओत वर्षभरात खरी कामं जमा होतात आणि आपल्यात फक्त अभ्यास. मी कॅफेत कप विसळले. माझ्या ब्रिटिश मैत्रिणीनं त्याच काळात एका बेकरीची पाटी काढली आणि ती तिच्या संकेतस्थळावर दिमाखात झळकली. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्लांटां-मोरेतुस संग्रहालयात जुने फ्रेंच अक्षरकार गारामों यांचे मूळ ठसे आहेत. युरोपियन मुलं एका शुक्रवारी ठरवून शनिवारी तिकडं निघाली. मला शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटपासून सुरुवात. शेवटी गेले, ठसे पाहिले, डोळे निवले. पण ‘सहज’ हा प्रकार आपल्या पासपोर्टात नाही.

पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, दोन वर्षांचा. २०२२ च्या अखेरीस मी भरले ते ७१५ पौंड शुल्क आणि आरोग्य अधिभाराचे वर्षाला ६२४ प्रमाणे दोन वर्षांचे. नोकरी लागायच्या आधी जवळजवळ दोन हजार पौंड. या दोन वर्षांत मात्र काहीही करता येतं, नोकरी, फ्रीलान्स, दोन्ही. आणि इथंच मेख आहे. चांगला बहुलिपीय टाइपफेस पुरा व्हायला दोन वर्षं सहज लागतात. म्हणजे पदवीनं मला सावकाश काम करायला शिकवलं आणि व्हिसानं घड्याळ हातात दिलं.

लंडनमधल्या एका छोट्या स्टुडिओत काम मिळालं. माणसं मोजकी, गिऱ्हाईक मोठी. आता मोठ्या कंपन्यांना जगभर एकच ‘आवाज’ हवा असतो, म्हणून त्या आपला फॉन्ट लॅटिनसोबत सिरिलिक, अरबी, थाई, देवनागरी असा करून घेतात. डाल्टन माग या लंडनच्या फाउंड्रीनं, म्हणजे फॉन्ट काढणाऱ्या कंपनीनं, नोकियासाठी केलेला फॉन्ट २०११ मध्ये आला, तेव्हापासून ही वाट रुळत गेली. माझ्या पदवीकडे त्या मुलाखतीत कोणी फार पाहिलं नाही. त्यांनी माझी फाइल उघडली. जोडाक्षरांची यादी कशी केलीय, वेलांटी वेगवेगळ्या रुंदीच्या अक्षरांवर कशी बसते, नियम लिहिताना काय सुटलंय. ग्लिफ्स या फॉन्ट काढायच्या सॉफ्टवेअरसाठी पायथन या संगणकी भाषेत लिहिलेल्या माझ्या दोन खटपटी स्क्रिप्ट्स त्यांना माझ्या सुंदर ‘अ’पेक्षा जास्त आवडल्या. मनाला लागलं थोडं, पण पगार सुरू झाला. सुंदर ‘अ’ काढणारे पुष्कळ असतात. ‘ष्ट्र्य’ न मोडणारा फॉन्ट सुपूर्द करणारे कमी.

४ डिसेंबर २०२३ ला ब्रिटनचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी संसदेत जाहीर केलं की कुशल कामगार व्हिसासाठी (ग्रॅज्युएट व्हिसानंतर नोकरीवर राहायचं तर मला हाच लागणार होता) लागणारा किमान पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंड होणार. एप्रिल २०२४ पासून लागू. नव्यानं पदवी घेतलेल्यांना सवलत होती, ३०,९६० पौंडांची. पण सवलतीची मुदत एकूण चार वर्षं आणि ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षं त्यातच धरलेली. म्हणजे आणखी दोनच वर्षं, मग पूर्ण पगार दाखवा नाहीतर निघा. शिवाय स्टुडिओला प्रायोजक म्हणून परवाना काढायचा, त्याचं शुल्क, दर वर्षाचा कौशल्य-अधिभार, नोंदी, तपासणी.

स्टुडिओच्या मालकानं सरळ हिशेब कागदावर मांडला. माणूस वाईट नव्हता, उलट त्याला लाज वाटत होती. कनिष्ठ टाइप डिझायनरला लंडनमध्ये मिळतो तो पगार त्या आकड्याच्या खाली होता. पगार वाढवला तर माझ्याहून जुन्या सहकाऱ्याच्या वर मी जाणार. हिशेब संपवून तो म्हणाला, “तू भारतातून हेच काम करत राहिलीस तर?” त्याच्या दृष्टीनं तो तोडगा होता. त्यात परवाना लागत नव्हता, अधिभार नव्हता, आकडाही गाठायचा नव्हता.

मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. नकार आला असता तर समजण्यासारखं होतं. इथं मला कोणी नाकारलंच नव्हतं. माझा ‘ळ’ हवा होता, माझी जोडाक्षरांची यादी हवी होती, माझा पायथनही हवा होता. फक्त मी त्या खुर्चीत बसायला नको होते. आणि यात दुष्ट असं कोणीच नाही. गृहमंत्री मतदारांना दिलेला शब्द पाळत होते, मालक कंपनी चालवत होता, मी कर्ज फेडत होते.

व्हिसा संपायच्या आत मी पुण्याला परतले. नातेवाइकांत दोन तट पडले. एका तटाच्या मते माझं तिकडं जमलं नाही. दुसऱ्या तटाच्या मते मी ‘मातीच्या ओढीनं’ आले. एका लग्नात एका काकांनी माझ्यासमोरच तिसऱ्याला हे ओढीचं सांगितलं आणि कौतुकानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी काही बोलले नाही. त्यांना तो पगाराचा तक्ता समजावायचा म्हणजे जिलेबी गार झाली असती.

काम तेच राहिलं, फाइल तीच, सॉफ्टवेअर तेच. परतल्यानंतरच्या पहिल्या करारात दर मात्र ‘भारतातला’ लिहून आला, लंडनच्या निम्म्याहून कमी. मी विचारलं, अक्षरात काय फरक पडला? उत्तर आलं, तुझा राहणीखर्च कमी झाला. खरंच झाला होता. पण त्यांच्या गिऱ्हाइकाला लागणारं बिल कमी झालं नव्हतं. बरेच दिवस ईमेल चालल्या आणि मधल्या कुठल्या तरी आकड्यावर गाडी थांबली. नंतरच्या कामांना मी सुरुवातीलाच दर कळवते आणि शहर विचारलं तर शेवटी सांगते. सीएंनी दर वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरायला शिकवलं, म्हणजे परदेशी बिलावर जीएसटी लागत नाही. व्यवसायाचा प्रकार विचारल्यावर मी सांगितलं, फॉन्ट काढते. ते म्हणाले, “सॉफ्टवेअर लिहू या.” म्हटलं, लिहा.

इथल्या मराठी प्रकाशकांकडेही गेले. एकांनी मनापासून नमुने पाहिले, ‘ल’ पाहून “हा आपला” म्हणाले, चहा पाजला आणि विचारलं, “फुकट आहे ना?” त्यांना दोष तरी कसा द्यायचा? ‘एक टाइप’ या मुंबईच्या फाउंड्रीचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ असे उत्तम फॉन्ट मुक्त परवान्यावर गुगलवर मिळतात. कित्येक छापखाने अजून श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांवर चालतात, कारण तीस वर्षांच्या पुस्तकांच्या फाइली त्यात आहेत. सरकारी कचेऱ्यांत तर विंडोजसोबत आलेला आर. के. जोशींचा ‘मंगल’ म्हणजेच मराठी. पैसे मोजून मराठी अक्षर करून घेणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं ते बहुतेक परदेशी कंपन्यांमध्येच, आणि त्यांच्यातल्या कोणालाही ते वाचता येत नाही. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

मुलं-मुली विचारतात, जावं का? शिकायला म्हणून विचारत असतील तर मी डोळे झाकून हो म्हणते. ती कपाटं, तो वर्ग, आपल्या लिपीबद्दल ‘का’ विचारणारी परकी माणसं इथं मिळत नाहीत. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पाहा, हेही सांगते, तिथं देवनागरीवर खरं काम झालेलं आहे. पण तिकडंच राहायचं म्हणून कर्ज काढत असतील तर आकडे समोर ठेवते. जुलै २०२५ पासून तो किमान पगार ४१,७०० पौंड झालाय. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दीड वर्षाचाच मिळणार, पीएचडीवाले सोडून. एजंट हे सांगत नाहीत. आणि काही झालं तरी पायथन शिका.

आता मी करारात दराखालोखाल आणखी एक गोष्ट पाहते. प्रत्येक फॉन्टच्या पोटात नावांचा एक तक्ता असतो, त्यात क्रमांकानं रकाने असतात. शून्यात हक्क, एकात कुटुंबाचं नाव, आठात निर्माता, नवात डिझायनर. वापरणाऱ्याला तो सहसा दिसत नाही, पण फाइल उघडणाऱ्याला दिसतो, आणि फाइल असेल तोवर असतो. सॅलफर्ड्सच्या बायकांना असा रकाना नव्हता. लंडनमधल्या माझ्या पहिल्या कामात नववा रकाना भरलेला होता, त्यात मुख्य डिझायनरचं नाव होतं. त्याला देवनागरी वाचता येत नाही.

या आठवड्यात एका नव्या कामाचा करार आलाय. दर मान्य झालाय. नवव्या रकान्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की तिथं स्टुडिओचं नाव पुरेसं आहे. त्यासाठी आठवा असतो, असं मी काल रात्री कळवलंय.